पॉइन्सेटियाची जागा



पॉइन्सेटियाचा लालभडक भाग हे फूल नव्हे. ती रंग चढलेली पानेच असतात. खरी फुले त्यांच्या मधोमध पिवळसर घुंड्यांसारखी दिसतात. झुडूप मूळचे मेक्सिकोचे. तिथले अमेरिकेचे राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी १८२८ च्या सुमारास ते मायदेशी नेले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले.

जालन्यासारख्या ठिकाणी या झुडपाचे यश जागेवर ठरते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीलगतच्या रोपाच्या पानांच्या कडा करपतात. सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली देणारी पूर्वेची बाजू सर्वांत चांगली. दाट झाडाखाली मात्र ते उंच, विरळ आणि फिके वाढते.

सावलीइतकीच गरज रात्रीच्या अंधाराची, आणि नेमके तेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रात्र बारा तासांहून मोठी झाली की शेंड्याकडच्या पानांना रंग चढू लागतो. म्हणून सुरुवात सप्टेंबरअखेर होते आणि डिसेंबरात झुडूप पुरते लाल होते. अंगणातला किंवा रस्त्यावरचा दिवा रात्रभर अंगावर पडत असेल, तर कितीही खत घातले तरी पाने हिरवीच राहतात. कुंडी दिव्याआड हलवावी. ते जमत नसेल तर ऑक्टोबरपासून आठ-दहा आठवडे संध्याकाळी सहा ते सकाळी आठ ती खोक्याखाली झाकावी.

काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून खड्ड्यात वाळू व शेणखत मिसळावे. चुनखडीच्या जमिनीत शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. मोसंबीच्या बागांतही हेच दिसते. ही लोहाची कमतरता; चिलेटेड लोह फवारल्यास पाने सुधारतात.

डिसेंबरात नर्सरीत मिळणारी ठेंगणी रोपे बहुधा वाढरोधक औषधाने आखूड ठेवलेली असतात. जमिनीत लावल्यावर ती माणसाहून उंच होऊ शकतात. रंग उतरल्यावर पाने गळतात, तेव्हा झुडूप मेले समजून उपटू नये. पाणी कमी करावे आणि मार्चमध्ये ते वीतभर-दीड वीत ठेवून छाटावे. पावसाळ्यात शेंडे खुडले की फांद्या वाढतात, पण ऑगस्टनंतर खुडू नये, नाहीतर रंगाचा हंगाम हुकतो. छाटलेल्या फांद्यांतून निघणारा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. कलमे पाण्यात बुडवून चीक थांबला की मगच वाळूत रोवावीत.

तुझा मामा