सुवर्णपदकानंतरचं वचन

आजचे वाचन: 1 शमुवेल 2:12-36
मननासाठी: वचन 30



'चॅरियट्स ऑफ फायर' (1981) हा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी युथ मीटिंगमध्ये पाहिला असेल. समुद्रकिनाऱ्यावर धावणारी मुलं आणि ती प्रसिद्ध धून तर ओळखीची असेलच. एरिक लिडेल हा स्कॉटिश धावपटू. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून तो त्या शर्यतीत उतरला नाही. मग 400 मीटर धावला आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. शर्यतीआधी एक अमेरिकन धावपटू त्याच्या हातात चिठ्ठी देतो, तिच्यात आजचं वचन असतं: देवाचा मान राखणाऱ्याचा मान देव राखतो, असा त्याचा आशय. (खऱ्या आयुष्यात ती चिठ्ठी संघाच्या मालिश करणाऱ्याने दिली होती. मला तीच जास्त आवडते.)

सिनेमा म्हणून हा उत्तमच आहे. पुष्कळ ख्रिस्ती सिनेमांत विश्वास नसलेला माणूस खलनायक असतो. इथे यहुदी धावपटू हॅरल्ड अब्राहम्सलाही तितकीच जागा आहे, आणि 100 मीटरचं सुवर्ण त्याला मिळतं. एक गोष्ट मात्र बदललीय. सिनेमात लिडेलला रविवारचं जहाजावर चढताना कळतं. प्रत्यक्षात त्याला ते काही महिने आधीच माहीत होतं. म्हणजे आज्ञापालन एका नाट्यमय क्षणात झालं नाही. तो रोज मैदानावर जाऊन दुसऱ्याच शर्यतीची तयारी करत राहिला.

आता खरी अडचण. चिठ्ठी, मग पदक, असं पाहिलं की वाटतं, वचन पूर्ण झालं! आमच्या मंडळीतल्या एकाने उपासनेसाठी रविवारची शिफ्ट नाकारली आणि त्याची नोकरी गेली. त्याने मला विचारलं, "मग माझा मान कुठे गेला?" सिनेमा त्याला काय उत्तर देणार?

वचन कुठे आलंय ते बघा ना. ते कुणा विजेत्याला दिलेलं नाही. ते वृद्ध याजक एलीला सुनावलेलं आहे. त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास लोकांच्या अर्पणातलं मांस जबरदस्तीने घ्यायचे, आणि एलीने देवापेक्षा मुलांचा मान जास्त राखला. हा न्यायाचा शब्द आहे. पदकाचा इथे संबंधच नाही.

लिडेलचं पुढचं आयुष्य सिनेमात नाही. शेवटी पडद्यावर फक्त त्याच्या मृत्यूची नोंद येते. तो मिशनरी म्हणून चीनला गेला. 1941 मध्ये त्याने गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवलं. तिसरी मुलगी त्याने कधीच पाहिली नाही. 1943 पासून तो जपान्यांच्या वेहसिएन छावणीत बंदिवान होता. तिथे मुलांना विज्ञान शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. रविवारी मात्र खेळ नाही, हा त्याचा नियम तिथेही होता. पण मुलं रविवारी पंचाशिवाय हॉकी खेळायची आणि भांडायची. शेवटी हाच लिडेल रविवारी पंच म्हणून मैदानात उभा राहिला!

पॅरिसमध्ये रविवार सोडायला नकार आणि छावणीत मुलांसाठी रविवारी मैदानात. मला यात विसंगती दिसत नाही. मार्क 2:27 उघडून बघा. पहिल्या वेळी स्वतःचं पदक पणाला होतं, दुसऱ्या वेळी इतरांची पोरं.

21 फेब्रुवारी 1945 ला मेंदूतल्या गाठीमुळे तो वारला, वय 43. छावणीची सुटका ऑगस्टमध्ये झाली. तिथे ना स्टेडियम होतं ना टाळ्या. त्या नोकरी गेलेल्या भावाला मी हाच भाग सांगितला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "हे सिनेमात का नाही?"

ग्रुपमध्ये सिनेमा लावणार असाल तर आधी 1 शमुवेलचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचा. चिठ्ठीचा प्रसंग आला की पॉज करा आणि विचारा, हे वचन मुळात कोणाला सांगितलं होतं?