शाळेचे संकेतस्थळ : नवशिक्यासाठी पहिले पाठ

संकेतस्थळ म्हणजे परस्परांना दुव्यांनी जोडलेल्या पानांचा संच होय. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली या योजनेचे टिपण मांडले व १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ जगापुढे आले. मजकूर आणि दुवे यांवरच त्याची उभारणी होती. शिक्षकबंधुभगिनींनी प्रथम हेच ध्यानी घ्यावे : पान सजवण्यापूर्वी ते कोणासाठी व कशासाठी, हे ठरले पाहिजे.

१. आराखडा : तो आधी कागदावर आखावा. प्रवेशाच्या तारखा पालकांस पहिल्याच पानावर मिळाव्यात.

२. रचना व रूप : एचटीएमएल पानाची रचना सांगते, सीएसएस त्याचे रंगरूप ठरवते. अक्षरे नुसती मोठी केल्याने शीर्षक होत नाही. त्यास शीर्षकाची खूण द्यावी लागते. दृष्टिहीनांस पान वाचून दाखवणारी प्रणाली अशा खुणांच्या आधारे पानात वाट काढते.

३. अक्षरे : मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत; तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही, त्यास सूचनेऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात.

४. वजन : येथे नवशिका बहुधा चुकतो. पुढील उदाहरण वर्गातही घेता येईल. ४ मेगाबाइटचे छायाचित्र म्हणजे ३२ मेगाबिट. सेकंदाला १ मेगाबिट या गतीने ते उतरण्यास ३२ सेकंद लागतात. अशी दहा असल्यास ५ मिनिटे २० सेकंद. तेच १०० किलोबाइटांवर आणल्यास एक सेकंदही लागत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते; म्हणजे ३,००० चिन्हांची सूचना सुमारे ९ किलोबाइटांत मावते. म्हणून फलकावरील सूचनेचे छायाचित्र चढवू नये; सूचना टंकावी.

५. फाइलींची नावे : ती लहान रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता द्यावीत. विंडोज मोठ्या व लहान रोमन अक्षरांत सहसा भेद मानत नाही, लिनक्स मानते. त्यामुळे शाळेच्या संगणकावर दिसणारे चित्र सर्व्हरवर दिसेनासे होते.

पालकांच्या लेखी संमतीवाचून मुलांची नावे व छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत.

स्वाध्याय : गावातील एखाद्या साध्या स्मार्टफोनवर पान उघडावे. पालकास काही न सुचवता प्रवेशाची तारीख शोधावयास सांगावे. तो जेथे अडखळेल, तेथे पान दुरुस्त करावे. दोष पालकाचा मानू नये.