लिलावात स्टार खेळाडू घ्यावा, पण कितीला?

पाऊस सरला, भात कापून झालं की पेडणे आणि डिचोलीत टेनिस बॉल क्रिकेटचे दिवस सुरू होतात. आता गावच्या स्पर्धेलाही लिलाव असतो. वाड्यावरचे चार मित्र पैसे काढून संघ घेतात आणि यादीतल्या पहिल्याच नावावर अडून बसतात. सगळ्या मैदानांवर गाजलेला तो सलामीवीर शेजारच्या संघालाही हवाच असतो. त्याच्यासाठी बाकी सगळं पणाला लावावं का? माझ्या मते क्वचितच, आणि तेही आधी ठरवलेल्या आकड्यापर्यंत.

आधी दोन हिशेब वेगळे करा. लिलावात सहसा पॉइंट खर्च होतात, रुपये नव्हेत. प्रत्येक संघाला सारखेच पॉइंट मिळतात. रुपये जातात प्रवेश फी, जर्सी, बॅट, चेंडू, जेवण आणि गाडीवर. स्टार खेळाडू दोन्हीकडून महाग पडतो, आणि घाईत बरेच जण एकच बाजू बघतात.

पॉइंटांचं गणित उदाहरणानं पाहू. समजा १०० पॉइंट आहेत, १२ खेळाडू घ्यायचे आहेत आणि बेस प्राइस ३ आहे. उरलेल्या ११ जणांसाठी किमान ३३ पॉइंट राखावेच लागतात, म्हणजे एकावर जास्तीत जास्त ६७ लावता येतात. नियमाची मर्यादा तेवढी आहे, शहाणपणाची त्याहून बरीच खाली. ४५ ला स्टार घेतला तर बाकीच्यांना सरासरी ५ पॉइंट उरतात. तोच ३० ला मिळाला तर सरासरी ६ च्या वर जाते. हा एक-दीड पॉइंट किरकोळ वाटतो. पण बेस प्राइसच्या जरा वर जाणारे चांगले यष्टिरक्षक, शेवटचं षटक टाकणारे गोलंदाज याच पट्टीत विकले जातात. स्टारची खरी किंमत म्हणजे हातातून गेलेली ही मुलं. त्यामुळे १२ जणांच्या संघात एकावर तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पॉइंट लावू नयेत, असं मला वाटतं.

आयपीएलचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात लखनऊनं ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं. तोवरची ती सर्वांत मोठी बोली होती, तरी १२० कोटींच्या थैलीचा तो पाव हिस्साही नव्हता. २०२५ च्या मोसमात लखनऊ बाद फेरीत पोचलं नाही. त्याच लिलावात पंजाबनं २६.७५ कोटींना घेतलेला श्रेयस अय्यर संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. किंमत जवळपास तीच, निकाल दोन टोकांचे. त्याआधी कोलकात्यानं २४.७५ कोटींना घेतलेला मिचेल स्टार्क २०२४ च्या साखळीत बराच महागात पडला, पण पहिल्या क्वालिफायरमध्ये आणि अंतिम सामन्यात त्यानंच हैदराबादची वरची फळी मोडली. म्हणून खेळाडूचे एकूण षटकार मोजत बसू नका, बाद फेरीच्या सामन्यांत त्यानं काय केलं ते विचारा.

एका खेळाडूसाठी किती मोजावं, हा प्रश्न अमेरिकन फुटबॉलमध्ये दरवर्षी येतो, कारण तिथे क्वार्टरबॅकच्या हातातूनच जवळजवळ प्रत्येक चाल सुरू होते. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या क्रमवार निवडीत, वरचा क्रमांक मिळवायला संघ पुढच्या वर्षांचे निवडीचे हक्क देऊन टाकतात. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीनं असाच सौदा करून पॅट्रिक माहोम्स मिळवला आणि पुढे तीन सुपर बोल, म्हणजे तिथले अंतिम सामने, जिंकले. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं तीन पहिल्या फेरीचे हक्क आणि वर एक तिसऱ्या फेरीचा देऊन तिसरा क्रमांक घेतला. त्या क्रमांकावर निवडलेला ट्रे लान्स त्यांच्यासाठी सुरुवातीपासून फक्त चार सामने खेळला. पुढच्याच वर्षी अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. फेब्रुवारी २०२४ च्या अंतिम सामन्यात माहोम्स आणि पर्डी समोरासमोर होते. मॅसी आणि थेलर या अभ्यासकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा निष्कर्षही हाच, की वरच्या क्रमांकांसाठी संघ गरजेपेक्षा जास्त मोजतात.

आपल्या खेळात तर क्वार्टरबॅकइतकं वजन कोणाचंच नसतं. सहा षटकांच्या सामन्यात एकाला दोनच षटकं टाकता येत असतील तर सर्वोत्तम गोलंदाजही ३६ पैकी १२ चेंडूच टाकणार. सलामीवीर पहिल्या चेंडूवर बाद होऊ शकतो. चढी बोली लावायचीच असेल तर अष्टपैलूवर लावा, तो निदान दोन्ही डावांत कामाला येतो. एकाच्या बदल्यात दोन-तीन खेळाडू किंवा पुढच्या वर्षीचा हक्क मागणारा सौदा आला तर तो नाकारा. पुढच्या मोसमात तीच स्पर्धा, तेच मालक असतील याची खात्री नसते.

आता रुपये. स्टार सावंतवाडी किंवा दोडामार्गहून येणार असेल तर पेट्रोल आणि मानधन साखळी सामन्यांपुरतं धरू नका, अंतिम सामन्यापर्यंतच्या सगळ्या दिवसांचं धरा. तो जखमी झाला तर बदली खेळाडू मिळतो का आणि पॉइंट परत येतात का, हे आयोजकांकडून लेखी घ्या. बाहेरच्या किती खेळाडूंना परवानगी आहे, तेही विचारा.

उपलब्धता बोलीआधी तपासा. तुयेच्या किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा मुलगा संध्याकाळच्या सामन्याला येईलच असं नाही. एप्रिल-मेमध्ये शिरगावच्या श्री लईराईच्या जत्रेच्या दिवसांत स्पर्धा असेल तर तो धोंड, म्हणजे देवीचं व्रत पाळणारा भक्त, आहे का, हे विचारा. व्रतात असलेल्याला मैदानावर ओढू नये. तोंडी होकारावरही विसंबू नका. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालनं गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबईकडे ना हरकत पत्र मागितलं होतं, पण महिनाभरात विचार बदलून तो मुंबईतच राहिला.

लिलावाच्या आदल्या रात्री वहीत दोन आकडे लिहा, स्टारसाठीची कमाल बोली आणि त्याच्यावर होणारा रुपयांचा एकूण खर्च. शेजारी त्याच जागेसाठी आणखी तीन नावं लिहा. बोली करणाऱ्याला वही द्या आणि त्या आकड्यापुढे बोलायचा अधिकार टेबलावर कोणालाही देऊ नका.