साखरेचे कवच

प्रस्तावना

'बदाम' म्हटले की आपल्या मनात बुद्धी, बळ आणि आरोग्य यांचे विचार येतात. त्याच बदामावर साखरेचा पांढराशुभ्र किंवा रंगीत थर चढविला, तर त्या पदार्थाला पौष्टिक म्हणता येईल का? प्रस्तुत पाठात शर्करावगुंठित बदाम आणि त्याचाच मराठमोळा भाऊबंद म्हणजे संक्रांतीचा हलवा यांच्या पोषणमूल्यांचा विचार केला आहे. त्याबरोबरच, वस्तूच्या वेष्टनावरील भाषा कशी वाचावी हेही आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
- साखरेचा थर चढविलेल्या पदार्थांची पोषणमूल्ये सांगू शकाल;
- वेष्टनावरील घटकयादी व पोषणविषयक माहिती यांचा अर्थ लावू शकाल;
- जाहिरातीतील विशेषणे आणि वस्तुस्थिती यांतील अंतर ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. दोन प्रांतांची एक संक्रांत

राजस्थानची राजधानी जयपूर. या शहराच्या वायव्येस झोटवाडा हा दाट वस्तीचा आणि कारखान्यांचा भाग आहे. जानेवारीच्या मध्यावर मकरसंक्रांत येते, तेव्हा संपूर्ण जयपूरचे आकाश पतंगांनी भरून जाते. घरोघरी तिळाचे लाडू, गजक, तिळपापडी आणि फेणी यांची रेलचेल असते. राजस्थानातील सुवासिनी या दिवशी सासूला 'वायना' देऊन तिचा आशीर्वाद घेतात. महाराष्ट्रातील सुवासिनी हळदीकुंकवाला 'वाण' लुटतात. 'वायना' आणि 'वाण' हे शब्द नुसते ऐकले तरी त्यांचे नाते ध्यानात येते.

महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी कुटुंब या सणाला तिळगुळाबरोबर आणखी एका पदार्थाची आठवण काढते, तो म्हणजे काटेरी हलवा. नववधूची पहिली संक्रांत आणि लहान मुलांचे बोरन्हाण हे प्रसंग हलव्याच्या दागिन्यांवाचून सुने वाटतात. हलवा सहजी मिळत नाही, तेथे दुकानातील शर्करावगुंठित बदाम वाणात किंवा मुलांच्या खाऊत त्याची जागा घेऊ शकतो. दोहोंचे रूप वेगळे असले, तरी घडण एकच आहे.

२. थरावर थर

हलवा करताना परातीत तीळ घेऊन ती मंद आचेवर ठेवतात. साखरेचा पाक चमच्याने थोडाथोडा सोडत बोटांनी तीळ सतत हलवीत राहतात. पाक वाळला की पुन्हा पाक सोडायचा. असे अनेक वेळा केल्यावर दाणा फुगत जातो आणि त्याला काटे येतात. हे काम घाईचे नाही. त्याला काही दिवसही लागतात. तिळाऐवजी साबुदाणा, खसखस, बडीशेप, लवंग किंवा वेलदोडा घेऊनही हलवा केला जातो.

कारखान्यात हेच काम कललेले, फिरते भांडे करते. बदाम त्यात घोळत राहतात, वरून पाक सोडला जातो आणि गरम हवेने तो सुकविला जातो. बदामातील तेल बाहेर झिरपून थर डागाळू नये म्हणून काही ठिकाणी आधी डिंकाचा लेप देतात. इराणमधील 'नोक्ल' आणि इटलीतील लग्नसमारंभात पाहुण्यांना वाटले जाणारे 'कॉन्फेत्ती' हे याच कुळातील पदार्थ होत. मंगल प्रसंगी गोड दाणा हातावर ठेवण्याची रीत अनेक संस्कृतींत आहे, हे यावरून दिसते.

३. कवचाच्या आत काय?

१०० ग्रॅम साध्या बदामांतून सुमारे ५८० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यांत साधारणपणे २१ ग्रॅम प्रथिने, ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ, १२ ग्रॅम तंतू आणि २५ मिलिग्रॅम 'ई' जीवनसत्त्व असते. कॅल्शियम व मॅग्नेशियम प्रत्येकी सुमारे २७० मिलिग्रॅम असतात. स्निग्ध पदार्थांचा मोठा भाग असंतृप्त असल्याने तो हृदयाच्या दृष्टीने हितकर मानला जातो. उलट, साखरेच्या प्रत्येक ग्रॅममधून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. प्रथिने, तंतू किंवा जीवनसत्त्वे जवळजवळ मिळत नाहीत.

आता एक हिशेब करू. समजा, १०० ग्रॅम शर्करावगुंठित बदामांत ४० ग्रॅम बदाम आणि ६० ग्रॅम साखर आहे.

| घटक (१०० ग्रॅममध्ये) | साधे बदाम | शर्करावगुंठित बदाम |
|---|---|---|
| ऊर्जा (किलोकॅलरी) | ५८० | सुमारे ४७० |
| प्रथिने (ग्रॅम) | २१ | सुमारे ८ |
| स्निग्ध पदार्थ (ग्रॅम) | ५० | सुमारे २० |
| तंतू (ग्रॅम) | १२ | सुमारे ५ |
| वरून घातलेली साखर (ग्रॅम) | ० | ६० |

ऊर्जेचा आकडा कमी दिसतो, म्हणून हा पदार्थ 'हलका' ठरत नाही. प्रथिने आणि तंतू निम्म्याहून कमी झाले आणि त्यांची जागा साखरेने घेतली, हा या तक्त्याचा खरा अर्थ आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेल्या साखरेसारख्या मुक्त शर्करेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ती ५ टक्क्यांहून कमी राखल्यास अधिक चांगले. २००० किलोकॅलरीच्या आहारात याचा अर्थ अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम साखर असा होतो. वरील मिश्रणाचे २५ ग्रॅम बदाम खाल्ले, तर १५ ग्रॅम साखर पोटात जाते. म्हणजे २५ ग्रॅमच्या मर्यादेतील निम्म्याहून अधिक वाटा सात-आठ बदामांतच संपतो!

हलव्याची गोष्ट याहून पुढची आहे. तिळात कॅल्शियम आणि लोह विपुल असते. परंतु दाण्याचा व्यास दुप्पट झाला, तर त्याचे आकारमान आठपट होते. म्हणजे आठ भागांपैकी सात भाग साखरेचे! हलव्याचा दाणा तर याहूनही मोठा असतो. हलवा हा सणाचा अलंकार आहे; त्याला आहार समजू नये.

४. वेष्टन वाचण्याची कला

'बदामयुक्त', 'बदामाच्या गुणांनी समृद्ध' असे शब्द वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेले असतात. '-युक्त' हा शब्द बदाम आहे एवढेच सांगतो. किती आहे, हे सांगत नाही. ते घटकयादी सांगते. भारतीय नियमांनुसार घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात. यादीत साखर पहिली आणि बदाम दुसरा असेल, तर आपण बदामाच्या नावाने मुख्यत्वे साखर विकत घेत आहोत, हे उघड आहे. २०२० च्या नियमांनुसार एकूण साखर आणि वरून घातलेली साखर यांचे आकडे वेगवेगळे द्यावे लागतात, तेही अवश्य पाहावेत.

मधुमेही व्यक्तीला 'बदाम आहेत, खा' असा प्रेमाचा आग्रह करणे अपायकारक ठरू शकते. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे बदाम देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका असतो. साखरेमुळे तोंडातील जिवाणू आम्ल निर्माण करतात व दात किडतात. म्हणून असा खाऊ खाल्ल्यावर चूळ भरण्याची सवय मुलांना लावावी.

सण गोडाचा असतो आणि तो गोडच राहावा. वाणात चार दाणे द्यावेत, आनंदाने घ्यावेत. रोजच्या आहारासाठी मात्र साधे बदाम, शेंगदाणे आणि तीळ यांचीच निवड करावी. गोड बोलण्याला मर्यादा नाही. गोड खाण्याला आहे.

शब्दार्थ

शर्करावगुंठित – साखरेने वेढलेला. वेष्टन – वस्तूभोवतीचे आवरण. विपुल – भरपूर. अपायकारक – हानी करणारे

पाठान्त प्रश्न

१. शर्करावगुंठित बदामात ऊर्जा कमी असूनही तो 'हलका' का ठरत नाही?
२. 'हलवा हा सणाचा अलंकार आहे' हे विधान स्पष्ट करा.
३. '-युक्त' हे उत्तरपद असलेले तीन शब्द लिहा.
४. घरातील एखाद्या खाद्यपदार्थाचे वेष्टन वाचून त्यातील पहिले तीन घटक लिहा व आपले मत पाच-सहा वाक्यांत मांडा.