लिंकनच्या खिशात काय होते?

अब्राहम लिंकन अमेरिकेचे अध्यक्ष होते. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये नाटक बघताना त्यांना गोळी घातली. दुसऱ्या दिवशी ते वारले.

त्यांच्या खिशातल्या वस्तू घरच्यांनी जपल्या. १९३७ साली नातीने त्या तिथल्या काँग्रेस ग्रंथालयाला दिल्या. चाकू, हातरुमाल, पाकीट आणि दोन चष्मे. एका चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली! एवढा मोठा माणूस, पण नवीन घेतला नाही. आमच्या आजोबांचा चष्मापण तसाच आहे.

पाकिटात पाच डॉलरची एकच नोट, तीही बंड केलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची. आणि वर्तमानपत्रांची नऊ कात्रणे. काहींत त्यांची स्तुती होती. त्यांना शिव्या देणारेही पुष्कळ होते, म्हणून ती जवळ ठेवली असतील, असं मला वाटतं.