शेजाऱ्याचा धर्मग्रंथ

प्रश्न : आमच्या वसाहतीत गणपती, ईद, बुद्धजयंती, नाताळ सगळं होतं. फराळाची ताटं इकडून तिकडे जातात, पण शेजाऱ्याचा धर्मग्रंथ कुणी उघडलेला मी पाहिला नाही. आपला धर्म न सोडता दुसऱ्याचा शिकता येतो का?
– एक वाचक, ऊर्जानगर, चंद्रपूर

उत्तर : येतो, पण फराळाइतक्या स्वस्तात नाही. गीता मराठीत आणणारे विनोबा तुमच्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात, पवनारला राहत. कुराण मुळातून वाचायचं म्हणून ते मोठ्या वयात अरबी शिकले. पुढे त्यांनी कुराणाचं आणि ख्रिस्ती धर्माचं सार काढलं, धम्मपदाच्या गाथा विषयवार लावल्या. आता, सार काढणारा आपल्याला रुचेल तेच उचलतो, हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणूनच मला त्यांचं जैन धर्माबाबतचं काम अधिक मोलाचं वाटतं. तिथे निवड त्यांनी स्वतः केली नाही. त्यांच्या आग्रहावरून जिनेंद्र वर्णींनी संकलन केलं आणि १९७४ मध्ये, महावीरांच्या २५००व्या निर्वाणवर्षात, दिगंबर-श्वेतांबर मुनी आणि विद्वानांनी एकत्र बसून ७५६ गाथांच्या ‘समणसुत्तं’ला मान्यता दिली.

‘न सोडता’ ही तुमची अट मात्र कुणी हमीवर देऊ शकणार नाही. चंद्रपूरची दीक्षाभूमी तुमच्यापासून कितीशी लांब? नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ला, बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा दिली. धर्मांतराची येवल्याची घोषणा १९३५ची, म्हणजे मध्ये एकवीस वर्षं गेली. त्याच काळात, १९५०च्या ‘महाबोधी’ नियतकालिकातल्या लेखात त्यांनी बुद्ध, येशू, महंमद पैगंबर आणि कृष्ण यांना शेजारी ठेवून विचारलं, की स्वतःसाठी कोणी कोणतं स्थान मागितलं? बुद्धाने काहीच मागितलं नाही, हे त्यांना निर्णायक वाटलं. सगळे धर्म सारखेच म्हणून मोकळं होणाऱ्याला एवढी तुलना करायची गरजच पडत नाही.

नुसतं एकत्र बसायचं असेल, तर तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आहेच. चिमूरच्या मुलखात ती वेगळी सांगायला नको.

वाचायचंच असेल, तर विनोबांनी काढलेलं कुराणाचं सार घ्या आणि ईदला शीरखुर्मा घेऊन येणाऱ्या शेजाऱ्याला विचारा : तुम्ही निवडलं असतं, तर यात कोणती आयत घातली असती?