दुसरं काम घेण्याआधी नेमणूकपत्र वाचा

‘कंपनीचं काम सहाला संपतं. संध्याकाळी दुसऱ्या कंपनीचं काम घेतलं तर बिघडलं कुठे?’ नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न. पालकांचा प्रश्न वेगळा असतो: ‘यापायी आहे ती नोकरी तर जाणार नाही ना?’

जाऊ शकते. नोकरीत असताना प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करणाऱ्या ३०० जणांना कामावरून काढल्याचं विप्रोने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं होतं.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कुणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार सहसा रद्दबातल ठरतो. म्हणून राजीनामा देऊन, नोटीस पिरियड पूर्ण करून प्रतिस्पर्ध्याकडे जायला साधारणपणे आडकाठी नसते. जुन्या कंपनीची गुपितं मात्र सोबत नेता येत नाहीत.

करार चालू असताना गणित बदलतं. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या एका शिफ्ट सुपरवायझरचा पाच वर्षांचा करार होता. मुदत संपण्याआधीच तो कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात रुजू झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६७ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला: कराराच्या काळापुरतं असं बंधन वैध आहे.

कळतं कसं?

पीएफचा यूएएन, म्हणजे सार्वत्रिक खाते क्रमांक, माणशी एकच असतो. दोन कंपन्या एकाच काळात पीएफ भरू लागल्या, की सर्व्हिस हिस्टरीत दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींत घुसलेल्या दिसतात. पुढच्या नोकरीच्या वेळी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये हेच नडतं.

मग जोडकाम करायचंच नाही का?

तसं नाही. इन्फोसिसने ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्वपरवानगीने बाहेरचं काम करायची मुभा दिली. अट ही, की ते कंपनीच्या किंवा तिच्या ग्राहकांच्या हिताआड येता कामा नये. शनिवारी-रविवारी गिटार शिकवणं वेगळं आणि दिवसा ज्या बँकेचं सॉफ्टवेअर लिहिता, तिच्याच कामासाठी बोली लावणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं कोडिंग रात्री करणं वेगळं.

त्यामुळे सही करण्याआधी नेमणूकपत्रातली तीन कलमं शोधा: इतरत्र नोकरीबाबतचं, गोपनीयतेचं आणि हितसंबंधांचं. बाहेरचं काम करायचं असेल तर एचआरला ईमेल करा: काम काय, कोणासाठी, आठवड्याला किती तास. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. ‘सगळेच करतात’ ही मित्राची ग्वाही चौकशीत कामी येत नाही. कंपनीचा लॅपटॉप बाहेरच्या कामाला वापरू नका.

पालकांना एक कळकळीची विनंती. शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोईजड होत असतील, तर मुलाला गुपचूप दुसरी नोकरी धरायला लावू नका. बँकेशी बोला, मुदत वाढवून मागा. हप्त्याची तारीख पुढे ढकलता येते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी लागलेला फसवणुकीचा ठपका पुसायला मात्र वर्षं जातात.